मीठ कुणी वाहिलं? बोनेर बेटाची एक दिवसाची सहल

कामं आवरली असतील तर रेडिओ जरा जवळ ओढून बसा. आज आपल्याला लांब जायचं आहे.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला. मी एका किल्ल्याचं नाव सुचवलं. तिथल्या उघड्या डोंगराचा फोटो बघून एक ताई म्हणाल्या, "आपण माणदेशातल्या बाया. माळ आणि निवडुंग रोजच बघतो. पैसे भरून परत माळच बघायला जायचं होय?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. ओसाड जागेत बघण्यासारखं खरंच काही नसतं का?

म्हणून आज मी तुम्हाला मुद्दाम एका ओसाड बेटावर नेणार आहे. मी तिथं स्वतः गेलेली नाही. वाचलेलं आणि मोबाईलवर बघितलेलं सांगते आहे. सकाळी गाडीत बसवून संध्याकाळी परत आणणारी सहल तिथले वाटाडे पर्यटकांना घडवतात. त्याच रस्त्यानं आपण जाऊ. फक्त वाटाड्याला विचारायचे प्रश्न आपले असतील.

बेटाचं नाव बोनेर. अमेरिका खंडात, व्हेनेझुएला देशाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर कॅरिबियन समुद्रात ते आहे. क्षेत्रफळ २८८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान. राज्य नेदरलँड्सचं, म्हणजे आपण ज्यांना डच म्हणतो त्यांचं. नकाशात मंगळूरवरून पश्चिमेकडं आडवी रेघ ओढत नेली, तर ती या बेटाच्या थोडी वरून जाईल. म्हणजे हवा उष्ण. चारी बाजूंनी समुद्र, त्यामुळे तुम्हाला वाटेल की कोकणासारखी नारळी-पोफळी असणार. पण पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, आपल्या माण-सांगोल्याइतकाच. पूर्वेकडून बारा महिने वारा वाहतो. त्या वाऱ्यानं दिवी-दिवी नावाची झाडं एका बाजूला वाकून वाढतात, पदर उडाल्यासारखी. बाकी सगळीकडं काटेरी झुडपं, पुरुषभर उंचीच्या वर गेलेले निवडुंग आणि शेळ्या. शेताला कुंपणही निवडुंगाचंच. उभे सोट ओळीनं लावतात, ते रुजतात आणि जिवंत भिंत तयार होते. शेळी आत शिरत नाही.

सकाळी क्रालेंडाइक या मुख्य गावातून निघू. दुतर्फा रंगीत घरं, धक्क्यावर मोठी प्रवासी जहाजं. गाडी समुद्राच्या कडेनं उत्तरेला जाते. पाणी निळंशार, काठाजवळ इतकं स्वच्छ की तळातलं पोवळं दिसतं. पाण्याखालचं जग बघायलाच बहुतेक पर्यटक या बेटावर येतात.

पहिला थांबा गोटोमेअर नावाचा खारा तलाव. त्यात गुलाबी रोहित पक्षी उभे असतात. आपल्या उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित येतात, त्यांचेच हे जास्त गडद रंगाचे भाऊबंद. खाऱ्या पाण्यातले बारीक जीव खाऊन त्यांच्या पिसांना रंग येतो.

इथून जवळच ओनिमा नावाच्या ठिकाणी खडकाच्या कपारीत लाल रंगानं काढलेली चिन्हं आहेत. ती काढणारे काकेतिओ लोक या बेटाचे मूळ रहिवासी. ते मका पिकवत, मासे धरत. १४९९ मध्ये स्पेनची जहाजं इथं आली. सोनं सापडलं नाही, पाणी कमी. म्हणून स्पेनच्या अधिकाऱ्यांनी बोनेर आणि शेजारची अरुबा, कुरासाव ही तिन्ही बेटं 'निरुपयोगी बेटं' ठरवून टाकली. आणि १५१५ च्या सुमारास इथल्या माणसांना धरून हिस्पॅनिओला बेटावर गुलाम म्हणून नेलं. मैत्रिणींनो, इथं क्षणभर थांबा. जमीन निरुपयोगी ठरली, पण तिच्यावरची माणसं मात्र उपयोगी ठरली. हे बेटावरचं पहिलं पान.

आता दुपार होत आली. गाडी डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात उतरते. गावाचं नाव रिंकोन, बेटावरचं सगळ्यात जुनं गाव. समुद्रावरून ते दिसत नाही. समुद्री लुटारूंची नजर पडू नये म्हणून स्पॅनिश लोकांनी ते असं आत वसवलं.

इथं आपण जेवायला थांबू, आणि जेवणाच्या ताटात तुम्हाला एक ओळखीची वस्तू भेटेल. ज्वारी! तिथल्या पापियामेंतु भाषेत तिला 'मायशी चिकी' म्हणतात, म्हणजे बारीक मका. तिच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा माशाच्या किंवा बोकडाच्या रश्शाबरोबर खातात. निवडुंगाचं सूपही करतात. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. तिथूनच ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली आणि तिथूनच ती बोनेरला गेली. पण आपल्याकडं ती व्यापाऱ्यांबरोबर आली. बोनेरमध्ये ती गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आली.

त्यांना कुणी आणलं? १६३६ मध्ये डचांनी हे बेट स्पेनकडून घेतलं. डचांना हवं होतं मीठ. त्यांचा मोठा धंदा हेरिंग नावाच्या माशाचा. तो मासा खारवून पिंपात भरायचा आणि युरोपभर विकायचा. मिठाशिवाय तो दोन दिवसांत नासणार. स्पेनशी त्यांचं युद्ध चालू होतं, त्यामुळे त्यांना जुन्या बाजारातलं मीठ मिळेना. बोनेरच्या दक्षिण टोकाला जमीन अगदी सपाट, समुद्राच्या पातळीला. ऊन कडक, वारा अखंड, पाऊस कमी. शेतीला जो शाप, तोच मिठाला वर. मग डच वेस्ट इंडिया कंपनीनं आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं इथं कामाला लावली. मीठ गोळा करायचं, रंगाचं लाकूड तोडायचं, ज्वारी-मका पिकवायचा. पुढं कंपनी बुडाली आणि बेट डच सरकारच्या थेट ताब्यात गेलं. आता गुलामांचं नाव पडलं 'कातिबु दि रेई', म्हणजे राजाचे गुलाम.

रिंकोनमध्ये एक जुनी दगडी इमारत आहे, मंगाझिना दि रेई, म्हणजे राजाचं कोठार. १८२४ मध्ये बांधलेलं. गुलामांना द्यायचं धान्य इथं साठवत. आता तिथं लोकांना जुनी घरं, जुनी अवजारं आणि जुनं खाणं दाखवतात. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या आणि छप्पर ज्वारीच्या ताटांचं. आपल्या आजीच्या माहेरचं सपार डोळ्यांपुढं आणा, फार फरक नाही.

या माणसांची बायकापोरं रिंकोनमध्ये राहत. पण मिठागरं बेटाच्या दुसऱ्या टोकाला. चालत सात तासांची वाट. आठवडाभर मिठात काम, शुक्रवारी दुपारनंतर पायपीट करत घर, आणि रविवारी परत तीच वाट. मधला जो एक दिवस मिळे, त्यात स्वतःच्या तुकड्यावर ज्वारी करायची.

त्यातूनच एक सण उभा राहिला. त्याचं नाव सिमादान. पावसाचे दिवस संपल्यावर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ज्वारी काढणीला येते. आपल्या शाळूची काढणीही त्याच सुमाराला. एकट्या घराला ती झेपत नाही, म्हणून शेजारीपाजारी मिळून आज हिचं, उद्या तिचं अशी शेतं काढतात. मालकीण सगळ्यांना जेवू घालते. मग ढोल वाजतो, गाणी होतात, खांद्याला खांदा लावून लोक पावलं टाकत कणसं कोठारापर्यंत नेतात. मैत्रिणींनो, ही तर आपली इर्जिक! आपल्याकडची यंत्र आल्यावर मागं पडली. बोनेरनं मात्र सिमादान टिकवून ठेवला आहे. तो टिकवताना ते नुसते नाचत नाहीत. आपल्या पूर्वजांना कोठाराचं धान्य पुरत नव्हतं, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या हातावर जगून दाखवलं, हेही त्यात आलं.

जेवण झालं. आता गाडी दक्षिणेला वळते. डोंगर संपतात, झाडं संपतात. सपाट जमीन, आणि दोन्ही बाजूंना गुलाबी पाण्याची चौकोनी तळी. समुद्राचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात सोडत नेतात. प्रत्येक ठिकाणी ऊन आणि वारा थोडं पाणी पितात, खारटपणा वाढत जातो, आणि शेवटच्या तळ्यात मिठाचे खडे धरतात. पेण-उरणकडं किंवा पालघरकडं ज्यांनी मिठागरं बघितली असतील, त्यांना हे लगेच कळेल. पुढं मिठाचे पांढरे डोंगर दिसतात. आज तिथं यंत्रं आहेत, सरकत्या पट्ट्यावरून मीठ थेट जहाजात पडतं. पर्यटक इथं फोटो काढतात. फोटो खरंच छान येतो, नाही म्हणायचं कारण नाही.

पण गाडी थोडी पुढं न्या. समुद्राच्या काठावर एक उंच निमुळता खांब उभा दिसेल. एकोणिसाव्या शतकात असे चार खांब उभारले होते, लाल, पांढरा, निळा आणि नारिंगी. जहाज आलं की कुठल्या मिठागरातलं मीठ भरायचं त्या रंगाची खूण दाखवत. लिहिता-वाचता न येणाऱ्या खलाशालाही कळेल अशी सोय.

आणि त्या खांबाजवळ ओळीनं छोट्या छोट्या झोपड्या. दगडाच्या, पांढऱ्या चुन्यानं रंगवलेल्या. लांबून बघितल्यावर एखाद्याला वाटेल पोरांना खेळायला बांधल्यात. जवळ गेल्यावर कळतं की दार आपल्या कमरेइतकं. आत जायचं तर वाकूनच, जवळजवळ रांगत. आत गेल्यावर मोठ्या माणसाला सरळ उभं राहता येत नाही. १८५० मध्ये या बांधल्या. मीठ काढणारे गुलाम रात्री इथं अंग टाकत आणि आपलं किडुकमिडुक ठेवत. आपण जनावरांचा गोठासुद्धा उभं राहता येईल इतका उंच बांधतो.

त्या कामाचा जरा विचार करा. वर ऊन, खाली पांढरंशुभ्र मीठ. ते ऊन खालून परत डोळ्यांत येतं. पायाला भेग असेल तर मिठाचं पाणी त्यात शिरतं. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत जायचं, रिकामी करायची, परत यायचं. या रांगेत बायकाही होत्या. डोक्यावर ओझं, तोंडावर वारा, आणि घरची पोरं सात तासांवर.

१ जुलै १८६३ ला डचांनी आपल्या कॅरिबियन वसाहतींमधली गुलामगिरी कायद्यानं बंद केली. बोनेरमध्ये ६०० च्या वर सरकारी गुलाम मोकळे झाले आणि खाजगी मालकांचे दीडशेच्या आसपास. नुकसानभरपाईही दिली गेली. कुणाला, सांगा बघू? मालकांना, माणशी ठरवून. ज्यांनी मीठ वाहिलं, त्यांच्या हातावर काही पडलं नाही. पुढं काय झालं तेही ऐका. १८६७ मध्ये सरकारनं बेटावरची बहुतेक सार्वजनिक जमीन विकून टाकली आणि १८७० मध्ये मिठागरंही विकली. विकत घेणार कोण, ज्यांच्याकडं पैसा ते. थोड्याच हातांत सगळं गेलं. जिथं माणसं शेळ्या चारत, कोळसा पाडत, लाकूड गोळा करत, ती जागा दुसऱ्याची झाली. पायातली बेडी निघाली, पण पायाखालची जमीनही गेली. गायरानाचं प्रकरण आपल्याकडं ज्या बायांनी जवळून बघितलंय, त्यांना मी यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

नंतर विसाव्या शतकात शेजारच्या कुरासाव आणि अरुबा बेटांवर तेल शुद्ध करण्याचे मोठे कारखाने निघाले. बोनेरचे पुरुष तिकडं कामाला गेले. गावात राहिल्या बायका, म्हातारी आणि पोरं. शेळ्या, ज्वारीचा तुकडा आणि पाणी बायकांच्या गळ्यात. मुंबईला गेलेल्या गिरणी कामगारांच्या घरातल्या आपल्या आज्या-पणज्या आठवा. समुद्र वेगळा, हिशोब तोच.

आता संध्याकाळ. खारे तलाव लाल होतात, रोहित पक्षी परत फिरतात. वाटेत रानात मोकळी गाढवं दिसतात. मीठ आणि पाणी वाहायला यांना आणलं होतं. मोटारी आल्या आणि गाढवं सोडून दिली. आता त्यांच्यासाठी तिथं एक आश्रयस्थान आहे.

१९ डिसेंबर २०२२ ला नेदरलँड्सच्या पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली. १ जुलै २०२३ ला त्यांच्या राजानंही मागितली. गुलामगिरी बंद झाली त्याला तेव्हा १६० वर्षं झाली होती. माफीनं मिठाची एक टोपलीही हलकी होत नाही, असं कुणी म्हणेल. पण माफी मागायलाही कुणी काय सोसलं हे आधी माहीत असावं लागतं. ते माहीत राहिलं, कारण त्या झोपड्या कुणी पाडल्या नाहीत, कोठार कुणी पाडलं नाही आणि रिंकोनच्या लोकांनी सिमादान सोडला नाही.

सहल संपली. आता माझ्या मनातली गोष्ट सांगते.

आमच्या गावाजवळ एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात कामावर बांधलेला. मागच्या पावसाळ्यात तो भरला, तेव्हा मी आजीला गाडीवर बसवून तिथं नेलं. पोरं पाण्याजवळ फोटो काढत होती. आजी बांधावर बसली आणि म्हणाली, "आगं, ह्या बांधात माझ्या डोक्यावरच्या किती पाट्या गेल्यात, ते कुणी मोजलंय का?" मग ती बोलत राहिली. तेव्हा तिच्या पोटात माझी आत्या होती. मुरमाची पाटी उचलायला जोडीदारीण लागायची. खायला सरकारी धान्यातली लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारीच. तिची भाकरी थापायला जमायची नाही, चिरायची. आणि हजेरीच्या कागदावर आजीचं नाव नव्हतं, नुसतं आजोबांचं नाव आणि पुढं 'पत्नी'.

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. राजांच्या सनावळ्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. त्याच तळ्याच्या काठानं रोज एसटीनं कॉलेजला गेले. एकदाही आजीला विचारलं नाही. आता ती ऐंशीच्या पुढं आहे. दोन महिन्यांपूर्वी मी वही घेऊन तिच्याजवळ बसले, तेव्हा जोडीदारणीचं नाव तिला आठवेना. "होती गं एक, लई हसायची," एवढंच म्हणाली. एक नाव माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

माळावर बघण्यासारखं काय असतं, असं त्या ताईंनी विचारलं होतं. ताई, माळावर जे बांधलेलं असतं ते कुणीतरी डोक्यावरून वाहिलेलं असतं. बोनेरला ते समुद्राच्या काठावर उभं आहे, झोपडीच्या रूपानं. आपल्याकडं ते फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे.

म्हणून येत्या बैठकीत एक छोटं काम करूया. बचत आणि कर्जाचा विषय झाला की इतिवृत्ताच्या वहीचं मागचं एक पान उघडा. गावातल्या सगळ्यात वयस्कर बाईला बोलवा, चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. गावातला तलाव, रस्ता, विहीर, शाळा यातल्या कशाच्या कामावर ती होती? तेव्हा काय खात होती? आणि तिच्याबरोबर कोण कोण होतं? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं नावानिशी लिहा. 'अमक्याची पत्नी' असं लिहू नका. तिचं नाव लिहा, माहेरचं आडनाव माहीत असेल तर तेही लिहा.

यंदाची सहल कुठं न्यायची ते तुम्ही ठरवा. हिरव्या ठिकाणी न्या, मी आडवी येणार नाही. पण जाताना गाडी आमच्या तळ्यापाशी दहा मिनिटं थांबवायची आहे. तिथली वाटाडी माझी आजी असेल.

येते मैत्रिणींनो. राम राम.